शेवटच्या चारीपर्यंत: अधिवेशनातला एक आठवडा

कालव्याच्या टेलच्या, म्हणजे अगदी शेवटच्या टोकाच्या, गावांतून निवडून येणाऱ्या आमदाराला पाणी, वीज आणि पैसा हे तीन विषय वेगवेगळे ठेवता येत नाहीत. शासनात त्यांची तीन खाती आहेत आणि मंत्रालयात त्यांचे मजलेही वेगळे आहेत, पण शेतकऱ्याच्या बांधावर हे तिन्ही एकदमच येतात. कालव्याला पाणी सुटते तेव्हा मोटारीला वीज नसते, आणि दोन्ही जुळून आले तरी पोटचारी (शेतापर्यंत पाणी नेणारी छोटी चारी) फुटलेली असते व तिच्या दुरुस्तीला निधी नसतो. मार्च 2025 च्या अर्थसंकल्पी अधिवेशनातला एक आठवडा मी जवळजवळ पूर्णपणे याच गुंत्यामागे घालवला. आमदार मुंबईत आठवडाभर नेमके काय करतो, हे मतदारसंघातील अनेकांना ठाऊक नसते. ते कळणे हा त्यांचा हक्क आहे, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आमचा कालवा जायकवाडीचा. पैठणच्या या धरणाची पायाभरणी 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि 24 फेब्रुवारी 1976 रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. एकूण साठवण क्षमता 102 टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर, त्यात उपयुक्त साठा सुमारे 76 टीएमसी. डावा कालवा 208 किलोमीटरचा आणि उजवा 132 किलोमीटरचा. वरच्या धरणांतून हक्काचे पाणी मिळावे यासाठी मराठवाड्याने दीर्घ लढा दिला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2005 च्या कायद्यात समन्यायी वाटपाचे तत्त्व आले, त्यावर मेंढेगिरी समितीने सूत्र बसवले, प्राधिकरणाने 2014 मध्ये त्यावर आदेश काढला आणि 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो मान्य केला. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा 65 टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर नगर आणि नाशिक जिल्ह्यांतील धरणांतून पाणी सोडायचे, हे त्या सूत्राचे सार. 2023 च्या ऑक्टोबरअखेर 8.6 टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला, तो याच आधारावर.

या लढ्याबद्दल मला अभिमान आहे. मात्र 2024 च्या सप्टेंबरात धरण भरून दरवाजे उघडावे लागले, आणि त्यानंतरच्या उन्हाळी हंगामातही आमच्या शेवटच्या गावांत चारीला पाणी पुरेसे आले नाही. त्यामुळे दोष वरच्या धरणांवर ढकलून मोकळे होण्याची सोय या वर्षी नव्हती. धरणाधरणांमध्ये समन्याय हवा म्हणून न्यायालयापर्यंत जाणारे आपण, एकाच वितरिकेच्या, म्हणजे मुख्य कालव्यातून फुटणाऱ्या उपकालव्याच्या, मुखाकडच्या आणि टेलकडच्या गावांत तेच तत्त्व लावायला कचरतो, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचे कारणही उघड आहे. नाशिकचे शेतकरी आमचे मतदार नाहीत, पण वितरिकेच्या मुखाकडचे शेतकरी आमचेच मतदार आहेत. मी या आठवड्यात जे काही करायचे ठरवले होते, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती.

सोमवारच्या प्रश्नोत्तराच्या तासाला माझा एक तारांकित प्रश्न यादीत होता. असा प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावा लागतो, एकाच विषयावर प्रश्न देणाऱ्या सदस्यांची नावे एकत्र केली जातात आणि तासाभरात यादीतले वरचे मोजकेच प्रश्न तोंडी चर्चेला येतात. बाकीच्यांची उत्तरे छापील स्वरूपात मिळतात. त्यामुळे प्रश्न कसा लिहिला आहे याला फार महत्त्व असते. त्याचा साचा ठरलेला आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय, असे म्हणून पहिला भाग 'हे खरे आहे काय' वर संपतो, पुढचे भाग 'असल्यास' ने सुरू होतात आणि शेवटचा 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' असा असतो. 'टेलच्या गावांना पाणी मिळत नाही, हे खरे आहे काय' असे विचारले की 'हे अंशतः खरे आहे' एवढे उत्तर येऊ शकते, आणि त्यापुढे जायला जागा राहत नाही.

म्हणून आम्ही प्रश्नाची मांडणी बदलली होती. मागील उन्हाळी हंगामात अमुक वितरिकेच्या मुखाशी किती पाणी मोजले गेले, अखेरच्या आउटलेटवर किती मोजले गेले, आणि मोजले गेले नसल्यास तेथील मोजमापाची व्यवस्था केव्हापासून बंद आहे, असे आम्ही विचारले. यात मत कोठेच नाही, आकडे तेवढे मागितले आहेत. आकडा असेल तर तो सभागृहात नोंदला जातो, आणि नसेल तर मोजमापच होत नाही हे शासनाच्याच उत्तरातून सिद्ध होते. आमच्या प्रश्नाला वितरिकेच्या मुखाचा आकडा मिळाला, अखेरच्या आउटलेटचा मिळाला नाही. उपप्रश्नाची संधी मिळाली तेव्हा मी एवढेच विचारले की अखेरच्या आउटलेटवर मोजपट्टी केव्हापर्यंत बसेल. पुढच्या पाणीपाळीपूर्वी बसवू, असे उत्तर मिळाले. सभागृहात दिलेले असे उत्तर आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि त्याच्या पूर्ततेचा पाठपुरावा विधिमंडळाची आश्वासन समिती करते. मंत्र्यांच्या दालनात ऐकलेल्या शब्दापेक्षा मला हे एक वाक्य अधिक मोलाचे वाटते, कारण त्याची तारीख आणि पान दाखवता येते.

त्याच संध्याकाळी आमदार निवासात गावाकडची मंडळी भेटायला आली, आणि आठवड्यातला सर्वांत कठीण भाग तिथे सुरू झाला. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, चालू असताना कालव्याच्या आणि वितरिकेच्या काठाने मोटारी टाकून पाणी उपसले जाते. ते थांबवण्यासाठी त्या भागातील कृषी फीडरचा (उपकेंद्रातून शेतीपंपांना वीज देणाऱ्या वाहिनीचा) वीजपुरवठा तात्पुरता बंद करण्याचे आदेश निघतात. टेलच्या गावांना हे हवे असते. मुखाकडच्या गावांत मात्र ज्यांच्या विहिरी आहेत आणि ज्यांनी कालव्यात कधीही पाइप टाकलेला नाही, त्यांचीही लाइन त्याच फीडरवर असते. आधी मुखाकडचे चारपाच जण बसले. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, म्हणाले, "भाऊ, माझी मोटार विहिरीवर आहे, बिलं आहेत, उतारा आहे. चोरी दुसऱ्यानं करायची आन् मोसंबी माझी वाळवायची, हा कुठला न्याय?" ते निघतात न निघतात तोच टेलकडचा एक तरुण सरपंच म्हणाला, "लाइन चालू राहिली तर पाणी आमच्या शिवारात येतच नाही भाऊ. पाणीमागणीचा सात नंबरचा फॉर्म आम्ही भरतो, पाणीपट्टी आम्ही भरतो, आन् चारीत नुसता चिखल बघतो."

दोघांचेही म्हणणे खरे होते. अशा वेळी दोन्हीकडच्या लोकांना 'बघतो' म्हणून वाटेला लावणे सोपे असते, आणि तसे केले की आवर्तन संपेपर्यंत काहीच होत नाही. मी त्यांना सांगितले की फीडर सरसकट बंद करायला माझा विरोध राहील, पण कालव्याच्या काठावरच्या मोटारी ज्या डीपींवर (रोहित्रांवर) चालतात, त्या डीपी आवर्तनाच्या काळात बंद ठेवायला माझा पाठिंबा राहील. आणि कोणती डीपी त्या यादीत येते, हे पाटबंधारे शाखेचे लोक, वीज कंपनीचे लाइनमन आणि दोन्ही गावांचे प्रतिनिधी यांनी एकत्र फिरून ठरवायचे. नानांना हे लगेच पटले नाही, कारण त्यांच्या डीपीवर त्यांच्याखेरीज आणखी काही जोडण्या होत्या आणि त्यांतल्या कोणाचा पाइप कोठे जातो, हे त्यांना माहीत होते.

मंगळवारी याच विषयावर नियम 105 अन्वये लक्षवेधी सूचना दिली. त्या आठवड्यात ती लागली नाही. लक्षवेधी स्वीकारणे अध्यक्षांच्या अधिकारात असते, सूचना मोठ्या संख्येने येतात, आणि एका वितरिकेच्या प्रश्नाला राज्यव्यापी विषयांच्या पुढे जागा मिळणे अवघड असते. तिची प्रत मात्र दोन्ही विभागांकडे निवेदनासाठी जाते, आणि त्यामुळे पुढची बैठक मिळायला मदत झाली.

बुधवारी विभागांच्या मागण्यांवर बोलायला थोडा वेळ मिळाला. 2025-26 च्या अर्थसंकल्पाचा एकूण खर्च 7 लाख कोटी रुपयांचा आणि महसुली तूट 45,891 कोटी रुपयांची होती. त्यामुळे नवीन काही मागताना ते कोठून द्यायचे, हेही सांगणे मला आवश्यक वाटले. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देणारी बळीराजा योजना एप्रिल 2024 पासून पाच वर्षांसाठी आहे, तिचा लाभ सुमारे 44 लाख शेतकऱ्यांना मिळतो आणि तिच्यासाठी वर्षाला 14,760 कोटी रुपयांची तरतूद सांगितली गेली आहे. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 65 नुसार अशा अनुदानाची रक्कम शासनाने वीज कंपनीला आगाऊ द्यायची असते. मी या योजनेच्या विरोधात बोललो नाही आणि बोलणारही नाही, कारण बिल थकलेल्या शेतकऱ्याची लाइन तोडताना मी अनेकदा पाहिले आहे. परंतु मोफत वीज त्यालाच उपयोगी पडते, ज्याच्या विहिरीत पाणी आहे. टेलच्या गावातली विहीर कालवा वाहिला तरच पाझरते, आणि आमच्याकडचा काळा बेसाल्ट पाणी फार साठवून ठेवत नाही. त्या शेतकऱ्याला वीज फुकट दिली तरी तो उपसणार काय? म्हणून विजेच्या अनुदानाशेजारी वितरिका आणि पोटचाऱ्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र, वर्षागणिक ठरलेली तरतूद असावी, आणि ती अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांवर अवलंबून राहू नये, अशी मागणी मी नोंदवली. आमदार निधी वर्षाला 5 कोटी रुपये असतो. शाळाखोल्या, रस्ते आणि सभागृहे यांच्या मागण्या त्यातून भागवताना वितरिकेचे अस्तरीकरण त्या पैशांत बसण्याजोगे नाही.

याच भाषणात सोयाबीनचाही उल्लेख केला. 2024-25 चा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये असताना बाजारात भाव त्याच्या बराच खाली होता, खरेदी केंद्रांवर ओलाव्याची अट आणि बारदान्याची टंचाई आडवी आली. खरिपात असा फटका बसलेल्या घराला उन्हाळी भुईमूग किंवा चाऱ्याचे एखादे पीक हाच आधार उरतो, आणि ते पीक पूर्णपणे मार्च ते मेच्या पाणीपाळ्यांवर अवलंबून असते. चुकलेल्या एका पाळीने त्या घराचे वर्षाचे गणित कसे बदलते, हे सांगितल्याशिवाय पाण्याची मागणी ही अर्थव्यवस्थेची मागणी आहे, हे लक्षात येत नाही.

गुरुवारी मंत्रालयात ऊर्जा विभागाच्या अधिकाऱ्यांबरोबर सौर फीडरची बैठक झाली. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 मध्ये उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून कृषी फीडरला दिवसा वीज द्यायची आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1,25,000 रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी 3 टक्के वाढ आहे. योजनेच्या या टप्प्यातला पहिला प्रकल्प वैजापूर तालुक्यातील धोंदलगावात 3 मेगावॉट क्षमतेचा सुरू झाला. मला ही योजना आमच्या कालव्याच्या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते. रात्री थ्री फेज असते तेव्हा कालव्याच्या काठाने गस्त घालायला कोणी नसते, आणि बेकायदा उपसा नेमका त्याच वेळी होतो. शिवाय थंडीवाऱ्यात, सापाकिरड्यांच्या भीतीत रात्री पाणी धरायला जाणाऱ्या माणसाचे हाल मी लहानपणापासून जवळून पाहिले आहेत. फीडरला आठ तास वीज दिवसाच मिळाली तर पाटकरी (कालव्यावर पाणी सोडणारा कर्मचारी), लाइनमन आणि गावकरी यांना पाइप उघड दिसतो.

बैठकीत मात्र मी आणखी एक गोष्ट मांडली, आणि तिच्यावर अधिकाऱ्यांनी थांबून टिपण घेतले. मागेल त्याला सौर कृषिपंप योजनेत सर्वसाधारण शेतकरी 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींचा शेतकरी 5 टक्के हिस्सा भरून स्वतंत्र सौरपंप घेतो. हा पंप कोणत्याही फीडरवर नसतो. म्हणजे कालव्याच्या काठावर असे पंप वाढत गेले की आवर्तनात डीपी बंद करण्याचा उपाय हळूहळू निरुपयोगी होणार आहे. विजेचे बटण बंद करून पाणी टेलला नेण्याचे दिवस संपत आले आहेत, हे पाण्याच्या खात्याने आणि विजेच्या खात्याने एकत्र बसून आताच मान्य केले पाहिजे. पुढे उरतो तो 2005 च्याच दुसऱ्या, सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याच्या, कायद्याचा मार्ग, ज्यात पाणी वापर संस्थेला तिच्या वाट्याचे पाणी घनमापन पद्धतीने मोजून द्यायचे आणि आत वाटपाची जबाबदारी संस्थेने घ्यायची असते. दिंडोरी तालुक्यातील वाघाड प्रकल्पावर शेतकऱ्यांनी हे करून दाखवले आहे. आमच्या वितरिकेवर संस्था कागदावर आहेत, पण मुखाशी मोजपट्टी नीट नसताना त्यांच्याकडून वाटपाची अपेक्षा ठेवणे त्यांच्यावर अन्याय आहे.

शुक्रवार अशासकीय कामकाजाचा. सभागृह आटोपल्यावर मी देवगिरी एक्सप्रेसने निघालो आणि शनिवारी सकाळी, तहसील कार्यालयातल्या बैठकीच्या आधी, वितरिकेवरून चालत गेलो. मुखाजवळ पाणी भरून वाहत होते. पुढे अस्तरीकरण उखडलेल्या जागी काठ ओला होता, बेशरमाच्या झुडपांतून काळा प्लास्टिकचा पाइप काठावरून पलीकडे शेतात उतरला होता आणि त्याच्या तोंडाला माशांची जाळी बांधलेली होती, म्हणजे कचरा अडकून मोटार बंद पडू नये याची कोणीतरी काळजी घेतली होती. एका आउटलेटचे गेट जागेवर नव्हते, तिथे दगड आणि गोणपाट कोंबलेले होते. टेलच्या गावात चारीत पाणी होते, पण घोट्याच्या वर नव्हते. सोबतच्या शाखा अभियंत्यांनी सांगितले की त्यांच्याकडे या लांबीसाठी असायला हवेत तेवढे पाटकरी आणि मोजणीदार नाहीत, आणि त्यांच्या बोलण्यात सबब सांगण्याचा सूर नव्हता. ते स्वतः रात्री काठावर फिरत होते.

बैठक लांबली. कार्यकारी अभियंता, वीज कंपनीचे अधिकारी, पोलीस निरीक्षक, तहसीलदार आणि दोन्हीकडचे सरपंच होते. वितरिकेवर टेलकडून मुखाकडे पाणी देत यायचे, हे पहिल्यांदा इतिवृत्तात लेखी आले. फीडर सरसकट बंद न करता डीपीनिहाय यादी करायची, ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायची आणि उरलेल्या डीपींना आवर्तनाच्या काळात शक्यतो दिवसाची पाळी द्यायची, हेही ठरले. अखेरच्या आउटलेटवर लोखंडी मोजपट्टी बसेपर्यंत रंगाने खुणा करून सकाळ-संध्याकाळ नोंद घ्यायची आणि त्या नोंदवहीवर पाटकऱ्याबरोबर पाणी वापर संस्थेच्या सदस्याची सही घ्यायची, असे मी सुचवले. ते मान्य झाले.

सगळे मान्य झाले नाही. मुखाकडच्या एका गावाच्या सरपंचांनी डीपीच्या यादीवर सही करायला नकार दिला, कारण त्यांच्या मते संयुक्त पाहणीत वितरिकेपासून दूरच्या दोन डीपीही धरल्या होत्या. त्यांची हरकत ऐकून त्या दोन ठिकाणी पुन्हा पाहणी करायची, असे तहसीलदारांनी ठरवले, आणि ती पाहणी होईपर्यंत त्या डीपी चालू ठेवायच्या, यावर टेलकडचे लोक नाराज होऊन उठले. पाटकऱ्यांच्या रिक्त जागांचा प्रश्न तालुक्याच्या पातळीवर सुटणारा नव्हता, म्हणून पावसाळी अधिवेशनासाठी त्याचा तारांकित प्रश्न त्याच दिवशी लिहायला घेतला. लक्षवेधीची सूचना सोमवारी नव्याने दाखल करायची आहे, आणि तिला जोडायला नोंदवहीच्या पहिल्या पानांच्या प्रती मी मागवल्या आहेत.